बँटिंग, त्याची कुत्री आणि दोन वेळचं जेवण

14 नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला बालदिन आठवतो. शाळेतले कार्यक्रम, चाचा नेहरू, कोटावरचं गुलाबाचं फूल. याच तारखेला जगभर मधुमेह दिनही पाळला जातो. त्याचं कारण म्हणजे 14 नोव्हेंबर 1891 रोजी कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, अ‍ॅलिस्टन गावाजवळच्या एका शेतघरात फ्रेडरिक ग्रँट बँटिंगचा जन्म झाला. इन्सुलिन शोधणारा माणूस म्हणून पाठ्यपुस्तकात आपण त्याचं नाव वाचलेलं असतं. एक मार्काचा प्रश्न, एका शब्दात उत्तर.

पण ज्यांच्या घरी मधुमेह झालेला कुत्रा आहे, त्यांना बँटिंगची गोष्ट जरा वेगळी लागेल. कुत्र्याला किती खायला द्यायचं, कधी द्यायचं, इंजेक्शन आधी की जेवण आधी, हे प्रश्न त्यांच्या घरात रोज दोनदा येतात. आणि इन्सुलिनची सगळी गोष्ट घडली तीच मुळी कुत्र्यांच्या ताटाभोवती.

आधी उपासमार, मग औषध

बँटिंगच्या जन्माच्या दोनच वर्षं आधी, 1889 साली, तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबर्गमध्ये ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग या दोन डॉक्टरांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. पचनासाठी हा अवयव किती गरजेचा आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं. पण तो शिकवलेला, शहाणा कुत्रा लॅबच्या फरशीवर सारखी लघवी करायला लागला. मिन्कोव्स्कीने ती लघवी तपासली तर तिच्यात भरपूर साखर. म्हणजे स्वादुपिंडात असं काहीतरी होतं, जे नसलं की मधुमेह होतो. ते ‘काहीतरी’ बाहेर काढायला पुढची तीस वर्षं गेली.

तोवर उपचार काय? उपास. अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन नावाच्या डॉक्टरने कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा मोठा भाग काढून त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात खायला घालून पाहिलं. पोटभर खाणारी कुत्री लवकर खंगली, मोजकं खाणारी जास्त टिकली. हाच नियम त्याने माणसांना लावला. मधुमेह झालेल्या मुलांना जेमतेम जीव तगेल एवढंच अन्न मिळायचं. घरातले लोक कपाटांना कुलपं घालायचे. ही मुलं मधुमेहाने लगेच मरत नसत, पण भुकेने हळूहळू वाळत जात. क्रूर वाटेल, पण त्या काळात हाच सर्वांत चांगला उपचार होता, आणि पुढे इन्सुलिन येईपर्यंत काही जण त्यामुळेच जगले.

नापास झालेला मुलगा

पाच भावंडांत धाकटा असलेला फ्रेड अभ्यासात फार चमकणारा नव्हता. 1910 साली टोरंटोच्या कॉलेजमध्ये आर्ट्सला गेला आणि पहिल्याच वर्षी नापास झाला. मग 1912 मध्ये मेडिकलला वळला. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. डॉक्टरांची गरज होती म्हणून त्याच्या बॅचचा कोर्स लवकर उरकला गेला आणि 1916 च्या डिसेंबरमध्ये हातात डिग्री घेऊन तो थेट लष्करात गेला. 1918 मध्ये फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत त्याच्या हातात तोफगोळ्याचा तुकडा घुसला. त्या अवस्थेतही तो जखमींवर उपचार करत राहिला. त्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

परत आल्यावर मात्र सगळं अडलं. टोरंटोच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये सर्जरीचं शिक्षण झालं, पण कायमची जागा मिळाली नाही. 1 जुलै 1920 रोजी त्याने लंडन नावाच्या, म्हणजे ऑन्टॅरिओतल्या लंडन या छोट्या शहरात, दवाखाना उघडला. पेशंटच येईनात. जवळजवळ महिनाभर दाराकडे डोळे लावून बसल्यावर एक जण आला. पहिल्या महिन्याची कमाई चार डॉलर. भरीला लग्न ठरलेलं, पण तेही डळमळीत. वय 28. आज आपण याला ‘करिअर सेट होत नाहीये’ म्हणतो.

पोट भरायला त्याने तिथल्या मेडिकल कॉलेजमध्ये तासावर शिकवायचं काम धरलं. 30 ऑक्टोबर 1920 च्या रात्री तो शरीरातल्या साखरेवरच्या लेक्चरची तयारी करत होता. झोपण्याआधी त्याने एका वैद्यकीय मासिकातला लेख वाचला. स्वादुपिंडाची नळी बंद झाली की पाचक रस बनवणाऱ्या पेशी मरतात, पण त्यातली बेटांसारखी दिसणारी पेशींची पुंजकी टिकून राहतात, असं त्यात होतं. झोप लागेना. रात्री दोनच्या सुमाराला उठून त्याने वहीत चार ओळी खरडल्या: कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधायची, पाचक पेशी मरू द्यायच्या आणि उरलेल्या बेटांमधून ते गुपित औषध काढायचं. त्या नोंदीत मधुमेहाचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा चुकलेलं आहे.

टोरंटोचा तापलेला उन्हाळा

ही कल्पना घेऊन तो टोरंटो विद्यापीठातले प्राध्यापक जॉन मॅक्लाऊड यांच्याकडे गेला. मॅक्लाऊड या विषयातले जाणकार. समोरच्या माणसाला संशोधनाचा अनुभव शून्य, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. तरीही त्यांनी लॅबमधली जागा, दहा कुत्री आणि एक मदतनीस देऊ केला. मदतनीस कोण, हे दोन विद्यार्थ्यांनी नाणं उडवून ठरवलं. चार्ल्स बेस्ट जिंकला. बेस्ट तेव्हा 22 वर्षांचा होता. म्हणजे तुमच्यातल्या एखाद्या पीजीच्या विद्यार्थ्याएवढा.

17 मे 1921 ला काम सुरू झालं. महिन्याभरात मॅक्लाऊड सुट्टीसाठी स्कॉटलंडला गेले आणि हे दोघे उरले. उन्हाळा कडक, लॅब वरच्या मजल्यावर, जखमा चिघळायच्या. पहिल्या काही आठवड्यांतच बरीचशी कुत्री मेली. नळ्या ज्या धाग्याने बांधल्या होत्या, तो धागाच आत विरघळून गेला, हे जुलैमध्ये कळलं. पुन्हा पोट उघडा, आता रेशमी धाग्याने बांधा. कुत्री संपली, तेव्हा यांनी रस्त्यावरची कुत्री एक-दोन-तीन डॉलर देऊन विकत घेतली. पैसे संपले तेव्हा बँटिंगने आपली मोटार विकली.

इथे जरा थांबायला हवं. यशोगाथा म्हणून आपण हे पटकन वाचून पुढे जातो. पण ही कुत्री कुणी स्वयंसेवक नव्हती. त्यांना निरोगी असताना आजारी केलं गेलं. बँटिंग शेतावर वाढलेला, जनावरांची सवय असलेला माणूस. त्याला हे लागत होतं.

30 जुलै 1921. कुत्रा क्रमांक 410. अर्काचं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात 100 मिलिलिटर रक्तातली साखर 200 मिलिग्रॅमवरून 120 पर्यंत उतरली. दुसऱ्या दिवशी कुत्रा मेला, पण आशा दिसली. ऑगस्टमध्ये त्यांनी दोन कुत्र्यांची स्वादुपिंडं काढली. 409 ला काही दिलं नाही, 92 ला अर्क देत राहिले. 409 थोड्याच दिवसांत गेला. 92 ही पिवळसर रंगाची कोली जातीची कुत्री लॅबभर हिंडत राहिली. रक्त काढायची वेळ झाली की ती आपणहून यायची, शांत उभी राहायची. ती 20 दिवस जगली. ती गेली तेव्हा, युद्धात माणसं मरताना पाहिलेल्या बँटिंगला रडू आवरलं नाही. ते कुणाला दिसू नये म्हणून तो बाजूला गेला, असं त्याने पुढे लिहून ठेवलं.

नोव्हेंबरमध्ये आणखी एक कुत्री आली, क्रमांक 33. तिला मार्जरी म्हणायचे. अर्काच्या जोरावर ती जवळजवळ 70 दिवस जगली. तोवर एक महत्त्वाची गोष्टही कळली होती. नळ्या बांधायची गरजच नाही. खाटीकखान्यातून गाईगुरांचं स्वादुपिंड आणायचं, अल्कोहोलमध्ये घालायचं, अर्क निघतो. म्हणजे ज्या कल्पनेने बँटिंगची झोप उडवली, तीच शेवटी अनावश्यक ठरली. पण ती सुचली नसती तर तो लॅबपर्यंत पोहोचलाच नसता.

मुलांच्या ताटात ब्रेड

11 जानेवारी 1922 रोजी टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन मिळालं. मुलाचं वजन तीस किलोही नव्हतं. साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध होता, इंजेक्शनच्या जागी गळू झालं, थांबावं लागलं. मग जेम्स कॉलिप या बायोकेमिस्टने दिवसरात्र खपून अर्क शुद्ध केला. 23 जानेवारीला पुन्हा इंजेक्शन सुरू झालं आणि या वेळी मुलगा उठून बसला. तो आणखी 13 वर्षं जगला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज आली. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी, वय 15 च्या आसपास, वजन साधारण 20 किलो. तीन वर्षं ती डॉ. अ‍ॅलनच्या मोजक्या आहारावर होती. बँटिंगने इन्सुलिन सुरू केलं आणि लगेच तिचं जेवण वाढवलं. काही दिवसांत ताटात ब्रेड आला. ही मुलगी पुढे शिकली, लग्न केलं, मुलं झाली आणि 1981 मध्ये, 73 वर्षांची होऊन गेली. तिच्यासाठी इन्सुलिन म्हणजे पुन्हा पोटभर जेवता येणं.

बँटिंगचा मेडिकलचा वर्गमित्र जो गिलख्रिस्ट याला स्वतःला मधुमेह होता. नव्या इन्सुलिनचा प्रत्येक घाणा तो स्वतःवर करून बघायचा.

भांडणं, नोबेल आणि एक डॉलर

बँटिंग संत नव्हता. तो तापट होता, संशयी होता. शुद्ध करायची पद्धत सांगायला कॉलिपने नकार दिला, तेव्हा प्रकरण हातघाईवर गेलं. मॅक्लाऊड आपलं श्रेय लाटणार, ही भीती तर त्याला कायम. 1923 मध्ये नोबेल जाहीर झालं ते बँटिंग आणि मॅक्लाऊड यांना मिळून. बँटिंग भडकला. आपले अर्धे पैसे त्याने बेस्टला दिले. मग मॅक्लाऊडनेही आपले अर्धे कॉलिपला दिले. मॅक्लाऊडच्या मार्गदर्शनाशिवाय आणि कॉलिपच्या हाताशिवाय हे औषध माणसापर्यंत आलं नसतं, हे आज बहुतेक इतिहासकार मान्य करतात. रुमानियात निकोलाय पाउलेस्कूनेही कुत्र्यांवर असाच अर्क वापरून 1921 मध्येच निबंध छापला होता. नोबेलच्या यादीत त्याचं नाव कुठेच नाही.

पण एक गोष्ट बँटिंगच्या बाजूने कायम राहील. 1923 च्या जानेवारीत इन्सुलिनचं पेटंट त्याने, बेस्टने आणि कॉलिपने टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. औषधावर कुणा एकाची मक्तेदारी होऊ नये, एवढाच हेतू. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्यांत तो आजही सर्वांत तरुण आहे.

पुढे त्याला दुसरा तसा शोध लागला नाही. सिलिकोसिस, कॅन्सर, विमानातल्या पायलटांचं आरोग्य, अशा विषयांवर तो काम करत राहिला. लग्न मोडलं, दुसरं झालं. 1934 मध्ये ‘सर’ झाला. मन रमायचं ते चित्रांत. चित्रकार ए. वाय. जॅक्सनबरोबर तो 1927 मध्ये थेट आर्क्टिकला जाऊन चित्रं काढून आला. 1941 च्या फेब्रुवारीत, दुसऱ्या महायुद्धाच्या कामासाठी इंग्लंडला निघालेलं त्याचं विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळलं. 21 फेब्रुवारीला तो गेला. वय 49.

कुत्र्यांची गोष्ट पुढे

टोरंटोच्या लॅबमध्ये कुत्र्यांची गोष्ट मात्र 1922 ला संपली नव्हती. इन्सुलिन मिळालं, आता स्वादुपिंड काढलेली कुत्री कायम जगतील, असं वाटलं होतं. त्यांना चरबी नसलेलं मांस आणि साखर असं जेवण दिलं जाई, सोबत इन्सुलिन. तरी काही महिन्यांत ती मरायची. उघडून पाहिलं तर यकृतात चरबीच चरबी. मग जेवणात कच्चं स्वादुपिंड घालून पाहिलं, आणि कुत्री टिकली. त्यातलं नेमकं काय उपयोगी पडतं, हे शोधत बेस्ट आणि त्याचे सहकारी 1932 मध्ये कोलिन नावाच्या पोषक घटकापर्यंत पोहोचले. आज आहारशास्त्रात कोलिन शिकवलं जातं, त्याची सुरुवात मधुमेही कुत्र्याच्या वाडग्यातून झाली.

म्हणजे नुसतं इंजेक्शन पुरत नाही आणि नुसतं पथ्यही पुरत नाही. दोन्हीची सांगड घालावी लागते. हा धडा आज आपल्या घरातल्या कुत्र्यालाही तसाच्या तसा लागू आहे.

कुत्र्यांना होणारा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप 1 सारखा असतो. गोळ्यांवर भागत नाही, इन्सुलिन लागतंच. कुत्रा खूप पाणी पितोय, सारखी लघवी करतोय, खा-खा करतोय आणि तरी वाळतोय, असं दिसलं तर थांबू नका, रक्त-लघवी तपासून घ्या. डोळे दुधाळ दिसत असतील तरी दाखवा, कारण अशा कुत्र्यांना मोतीबिंदू लवकर होतो. कुत्री मादी असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर धोका जास्त. डॉक्टर बहुधा ती करून घ्यायला सांगतात.

जेवणाचा नियम सोपा आहे, पाळायला अवघड. दिवसातून दोनदा, साधारण 12 तासांच्या अंतराने, तेच अन्न आणि तेवढंच अन्न. आधी जेवण, ते खाल्लंय हे बघून मग डॉक्टरांनी ठरवून दिलेलं इन्सुलिन. कुत्रा जेवला नाही तर नेहमीचा डोस टोचून मोकळं व्हायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन करायचा. चांगली प्रथिनं आणि तंतू असलेलं, तेल-तूप कमी असलेलं अन्न बरं. किती आणि कुठलं, हे वजन आणि तब्येत बघून पशुवैद्यच सांगतील. उपाशी ठेवून साखर उतरवायचा प्रयत्न तर मुळीच नको. तो प्रयोग शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय.

खरी अडचण येते ती घरातल्या प्रेमळ माणसांची. आजोबा चहात बुडवलेलं बिस्किट देतात, आजी पुरणपोळीचा तुकडा टाकते, खालचा वॉचमन ब्रेड देतो. प्रत्येकाला वाटतं, एवढ्याशाने काय होतंय. म्हणून फ्रिजवर एक कागद लावा: किती वाजता जेवला, किती वाजता इंजेक्शन, कुणी दिलं. म्हणजे आईने टोचल्यावर बाबांनी परत टोचलं, असंही होणार नाही. आणि ‘शुगर-फ्री’ असं लिहिलेलं च्युइंगम किंवा मिठाई कुत्र्याला चालेल, असं समजू नका. त्यात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्यासाठी विष आहे. साखर झपाट्याने उतरते, यकृत बिघडतं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा हेही नकोच.

इन्सुलिन जास्त झालं किंवा जेवण कमी पडलं तर कुत्रा थरथरतो, झोकांड्या खातो, कधी फिट येते. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. सिरिंजचीही खबरदारी हवी. 40 युनिटच्या बाटलीला 40 चीच सिरिंज, 100 च्या बाटलीला 100 चीच. आजोबांच्या बाटलीतलं इन्सुलिन डॉक्टरांना न विचारता कुत्र्याला द्यायचं नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कुत्र्याचं इन्सुलिन आणि डुकराचं इन्सुलिन रेणूच्या रचनेत अगदी एकसारखं असतं. त्यामुळे डुकरापासून मिळवलेलं इन्सुलिन आज खास कुत्र्यांसाठी औषध म्हणून मिळतं. ज्या प्राण्यावर हा शोध लागला, त्यालाही त्याचा वाटा मिळतोय, निदान ज्यांची माणसं वेळेवर इंजेक्शन देतात त्यांना तरी.

प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून बँटिंगवर त्याच्या हयातीतच टीका झाली. आज भारतातही असे प्रयोग 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या चौकटीत, समितीच्या परवानगीनेच करता येतात. 92 आणि मार्जरीच्या वेळी असं काही नव्हतं. त्यांच्यामुळे कोट्यवधी माणसं जगली, हे खरं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं. ही दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवायला हवीत.

ऑन्टॅरिओतल्या लंडनमध्ये, पेशंट येत नव्हते त्या बँटिंगच्या घराचं आज म्युझियम झालंय. तिथे 1989 पासून एक ज्योत तेवतेय. मधुमेह कायमचा बरा करणारा उपाय सापडेल, त्या दिवशी ती विझवायची असं ठरलंय. अजून ती विझलेली नाही. तोवर, तुमच्या घरात किंवा शेजारी असा कुत्रा असेल, तर संध्याकाळी क्लासहून येताना घड्याळ बघा. सकाळी आठला जेवला असेल, तर रात्री आठला त्याचा वाडगा भरायचाय.